एकेचाळिसावं नाव

माझी ताई बाविसाव्या वर्षी एका ऑफिसात जाऊन बसली, ती सव्वीस वर्षं झाली तरी तिथेच आहे. मधे तीन-चार खुर्च्या बदलल्या, पण जागा तीच. खिडकीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड. मी एकदा म्हटलं, जरा टेबल फिरवून घे, उजेड तरी दिसेल. तर म्हणे, "उजेड पाठीवर पडतोच की." तेव्हापासून मी कानाला खडा लावला. या बाईशी वाद घालायचा नाही.

ती बसमधल्या पेटीला बोलायला लावते. ड्रायव्हरच्या डोक्यावर करड्या रंगाची, जेवणाच्या डब्याएवढी पेटी असते ना, जी "पुढील थांबा, टपाल कचेरी" असं म्हणते, ती. पेटीच्या आतला प्रोग्राम ताई लिहिते, सी नावाच्या भाषेत. मी बस डेपोत वायरमन आहे, म्हणजे पेटी बसमध्ये बसवणारा आणि तिच्या वायरी बघणारा मी. प्रोग्राममधलं मला ओ की ठो कळत नाही. मी पुढे जे सांगणार आहे ते ताईने माझ्या डोक्यात चार-चार वेळा भरवलेलं आहे, त्यामुळे चुकलं तर तिला विचारा.

आमचे बाबा एकोणऐंशीचे. चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. आता दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मधे काळा डाग आहे आणि कडेकडेने थोडं धुरकट दिसतं. माणसं आवाजावरून ओळखतात. बाबा माझ्याकडे राहतात, ताई दोन गल्ल्या सोडून एकटी राहते आणि रोज संध्याकाळी तासभर येऊन जाते.

बाबा रोज साडेनऊच्या बसने वाचनालयात जायचे. एकटे. अकरावा स्टॉप. उतरलं की त्रेचाळीस पावलांवर वाचनालयाचं दार, आणि आत खिडकीजवळच्या टेबलाशी एक निवृत्त मास्तर. मास्तर त्यांना पेपर वाचून दाखवायचे, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. बारा वर्षांची ओळख, पण दोघांनी कधी एकमेकांचा फोन नंबर घेतला नाही. रोज भेटतो त्याचा नंबर कशाला, असं बाबा म्हणायचे. बाकी सगळं आम्ही त्यांच्यासाठी करतो, ताट वाढून देण्यापासून बुटाच्या नाड्या बांधण्यापर्यंत. तेवढं एक त्यांचं स्वतःचं होतं. बसमध्ये शेजारी कोणी बसलं की हटकून सांगायचे, "ही पेटी बोलतेय ना, माझ्या पोरीने बोलती केलीय." ताई बरोबर असली की ती खिडकीबाहेर बघायची. तेव्हा मात्र बाहेर बघण्यासारखं असायचं.

आता पेटीचा घोळ. दोन-तीन दिवस सलग चालली की पेटी मुकी व्हायची. ड्रायव्हर लोकांनी यावर आपला उपाय शोधला होता. शेवटच्या स्टॉपवर इंजिन बंद केलं की पेटीचं बटण खाली करायचं, साठ आकडे मोजायचे, बटण वर करायचं. याला ते 'पेटी झोपवणं' म्हणायचे. नवीन ड्रायव्हर आला की जुने त्याला ब्रेकच्याही आधी हे शिकवत. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. शेवटी वरून कोणीतरी डोळे वटारले आणि ताईच्या साहेबांनी तिला सांगितलं, एकदाचं हे निस्तरा.

मी तिला विचारलं, नक्की होतं काय पेटीला?

"असं समज, आत दोघं जण आहेत," ताई म्हणाली. "एक यादी सांभाळतो, एक बोलतो. यादीवाला स्टॉपचं नाव चिठ्ठीवर उतरवून बोलणाऱ्याच्या हातात देतो. तो वाचतो. आता ती चिठ्ठी फाडायची कोणी?"

"ज्याने वाचली त्याने."

"यादीवाल्यालाही तसंच वाटतं. आणि बोलणाऱ्याला वाटतं, ज्याने लिहिली तो फाडेल."

"मग?"

"मग कोणीच फाडत नाही. चिठ्ठ्या साचतात. पेटी भरते."

अक्षरांच्या अशा माळेला त्यांच्यात स्ट्रिंग म्हणतात, आणि या भानगडीला मेमरी लीक, म्हणजे गळती. मी म्हटलं, गळतंय कुठे, उलट तुंबतंय. ताई हसली नाही. माझ्या विनोदांना ती अशीही हसत नाही.

तिची कामाची एक पद्धत आहे, ऑफिसातली तरणी मंडळी तिच्यावरून तिला चिडवतात. ती सगळा प्रोग्राम कागदावर छापून घेते, तीनशे पानं, आणि दोन पेन्सिली घेऊन बसते. लाल आणि निळी. एखादी स्ट्रिंग कायमची देऊन टाकलेली असेल तर लाल खूण, म्हणजे घेणाऱ्याने काम झाल्यावर फाडायची. नुसती बघायला दिलेली असेल तर निळी, म्हणजे उसनी, वाचायची आणि हात लावायचा नाही. मग लाल तिथे फाडायची ओळ लिहायची. प्रत्येक स्ट्रिंगला विचारायचं, बाई, तू कोणाची? ही सवय घरीही यायची. टेबलावर कप दिसला की, "हा कोणाचा?" माझी बायको म्हणायची, "वन्सं, तुमचाच आहे, उचला."

बोलणाऱ्याच्या हातात नाव येतं अशा एकेचाळीस जागा निघाल्या. तीन आठवडे ती त्यावर बसली होती. रोज एक वाजून दहा मिनिटांनी डबा खायचा, दीडला पेन्सिलींना टोक करायचं आणि पुन्हा सुरू. चाळीस जागा लाल निघाल्या.

एकेचाळिसावी निळी होती. झालं होतं असं, की त्या वर्षी आमच्या मार्गावरच्या एका स्टॉपचं नाव बदललं होतं. साबणाचा कारखाना बंद पडला म्हणून 'साबण कारखाना'चं 'पाण्याची टाकी' झालं. बदललेली नावं एका वेगळ्या यादीत ठेवली होती, आणि ती यादी चिठ्ठी उतरवून देतच नव्हती. यादीचं पानच समोर धरत होती. बघा आणि ठेवा. पण चाळीस वेळा लाल आल्यावर हात आपोआप लाल पेन्सिलीकडे गेला. एवढंच. पेटी 'पाण्याची टाकी' म्हणायची आणि मूळ पानच फाडून टाकायची. ऑफिसातल्या टेबलावर ती आठवडाभर पेटी चालवून बघत होती, पण तिथे जुनी यादी होती, त्यात टाकी नव्हतीच. तिला दिसणार कसं?

तरीही काही बिघडलं नसतं. पेटी झोपवून उठवली की सगळ्या याद्या नव्याने वाचते, फाटलेलं पान परत जागेवर. म्हणजे ड्रायव्हरांनी आपली जुनी सवय चालू ठेवली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. ती सवय मी मोडली. नवीन प्रोग्राम पेट्यांमध्ये भरल्यावर मी स्वतः डेपोत सगळ्यांना सांगितलं, आता पेटी झोपवायची नाही, माझ्या ताईने कायमचं निस्तरलंय. मोठ्या तोऱ्यात सांगितलं. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने विचारलंसुद्धा, झोपवली तर काय बिघडणार आहे? मी म्हटलं, बटणं झिजतात.

त्याच आठवड्यात बुधवारी बाबा साडेनऊच्या बसमध्ये बसले. त्या बसच्या पेटीत आदल्या रात्रीच नवीन प्रोग्राम भरला होता आणि सकाळी ती एक फेरी मारून आलेली होती. पहिल्या फेरीत पान फाटलं होतं आणि त्या रिकाम्या जागी दुसरंच नाव लिहिलं गेलं होतं. आठव्या स्टॉपच्या आधी पेटी बोलली, "पुढील थांबा, वाचनालय."

बाबा पूर्वी स्टॉप बोटांवर मोजायचे. पेटी आल्यावर त्यांनी मोजणं सोडलं होतं. त्यांना वाटलं, आज विचारात लक्ष नव्हतं. उतरले. त्रेचाळीस पावलं चालले आणि हात पुढे केला, तर दाराच्या जागी तारेची जाळी. जाळीला धरून डावीकडे गेले, मग उजवीकडे. कोणाला विचारलं का नाही? ते बारा वर्षं त्याच ठिकाणी येत होते, वाचनालय कुठे आहे हे काय विचारणार. दीड वाजता टाकीवरच्या व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाने त्यांना जाळीशी उभं असलेलं बघितलं, खिशातली आमच्या नंबरची चिठ्ठी काढली आणि रिक्षाने घरी आणून सोडलं. पँट ओली झाली होती. माझ्या बायकोने ती धुतली आणि कोणाला काही बोलली नाही.

बाबा म्हणाले, "जरा चुकलो." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज नको." तिसऱ्या दिवशी घडीची काठी मिटून कपाटात ठेवली.

बुधवारी संध्याकाळी एक ड्रायव्हर माझ्याकडे आला, म्हणाला, तुमची पेटी येड्यासारखं बरळतेय, टाकीला वाचनालय म्हणते. मी ताईला सांगितलं. गुरुवारी ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने तीनशे पानं काढली आणि दुपारपर्यंत ती जागा सापडली. एक ओळ खोडली, तिथे वर लिहून ठेवलं, 'हे नाव उसनं आहे. फाडू नये.' खाली तारीख. शनिवारपर्यंत सगळ्या पेट्या दुरुस्त. साहेब म्हणाले, "होतं असं. कोणाला काही झालं नाही ना? मग झालं तर." ताईने सांगितलं नाही की तिथे उतरलेला माणूस तिचा बाप होता.

त्या शनिवारी आमच्या दारात चपला घालता घालता ती म्हणाली, "बाबांना सांगायला हवं, पेटी चुकली होती म्हणून."

मी म्हटलं, "हो, सांगायला हवं."

झालं आमचं बोलणं. दोघांचे मिळून चार-पाच सेकंद.

त्यानंतर ताईला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती बधिर झाली. कामावर जायची, डबा खायची, पेन्सिलींना टोक करायची आणि कागद तसाच पुढ्यात ठेवून बसायची. संध्याकाळी येऊन बाबांशेजारी बसायची, टीव्हीवर काय चाललंय ते त्यांना सांगायची, आठ वाजले की उठायची. टेबलावरचा कप कोणाचा हे विचारणं बंद झालं. मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. वाटायचं, चूक तिची, प्रोग्राम तिचा, सांगितलं असेल तिने बाबांना, आणि सांगूनही बाबा जात नाहीत, मग मी काय करू? मी आपला डेपोत जायचो आणि यायचो. मलाही काही वाटेनासं झालं होतं.

पाच महिने असे गेले. बाबा सकाळी आंघोळ करून खिडकीशी बसत आणि बोटांवर अकरा स्टॉप म्हणत. टपाल कचेरी, जुना पूल, दवाखाना... मग माझ्या बायकोला विचारत, "बरोबर म्हणतोय ना मी?" ती भाजी चिरता चिरता हो म्हणायची. तिला वाटायचं, वेळ घालवतायत.

मग एका रविवारी दुपारी आम्ही सगळे जेवून बसलो होतो. ताईही होती. बाबा म्हणाले, "तुम्हा दोघांना एक सांगायचंय. वृद्धाश्रमाची चौकशी करा. मला आत्ता ठेवा, घर विसरायच्या आत. नंतर नेलंत तर मला कळायचंही नाही कुठे आलोय."

मी म्हटलं, "काय बोलताय बाबा?"

"डोळे गेले त्याचं मी काही म्हटलं नाही. पण त्या दिवशी मी स्वतःच्या कानांनी वाचनालय ऐकलं आणि तिथे वाचनालय नव्हतं. चौतीस वर्षं मी कानावर पोट भरलं. कान बरे आहेत, तपासून आलोय शेजाऱ्यांबरोबर. म्हणजे डोक्यातच बिघाड आहे. रोज नावं घोकतो. अजून येतात. किती दिवस येतील सांगता येत नाही."

ताईने माझ्याकडे बघितलं. "तू सांगितलं नाहीस?"

"मी? मला वाटलं तू सांगितलंस."

"ते तुझ्याकडे राहतात. तू दिवसभर त्यांच्या..."

"प्रोग्राम तुझा होता ताई."

मला चिठ्ठ्या आठवल्या. तिलाही आठवल्या असणार, कारण तिने डोळे मिटून घेतले होते.

ताई उठून बाबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. सगळं सांगितलं, लाल-निळ्या पेन्सिलीसकट. मी पेटी झोपवायची बंद केली ते मी सांगितलं. तेवढं तरी तिच्यावर ढकललं नाही.

बाबा शेवटपर्यंत ऐकत राहिले. "म्हणजे पेटी चुकली."

"पेटी नाही बाबा, मी चुकले."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी संध्याकाळी."

बाबा चिडले असते तर मी सुटलो असतो. ते मान हलवत राहिले नुसते. शेवटी म्हणाले, "म्हणजे डोकं ठीक आहे माझं," आणि मग, "काठी कुठे ठेवलीय कोणी?"

"तुम्हीच ठेवलीत, कपाटात," माझी बायको म्हणाली.

सोमवारी ताईने रजा टाकली. सव्वीस वर्षांत तिने सोमवारी रजा घेतल्याचं मला आठवत नाही. मीही गेलो. साडेनऊची बस. पेटीने अकराच्या अकरा नावं बरोबर सांगितली, टाकीसुद्धा. बाबा उतरले, त्रेचाळीस पावलं चालले, दार होतं तिथेच होतं. त्यांनी दाराच्या कडीवरून हात फिरवला. मला वाटलं, चला, निस्तरलं एकदाचं.

आत खिडकीजवळच्या टेबलाशी दोन कॉलेजच्या मुली अभ्यास करत होत्या. बाबांना ते दिसलं नाही. ते थेट तिकडे गेले आणि म्हणाले, "मास्तर, उशीर झाला जरा." मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

ग्रंथपाल बाई काउंटरवरून उठून आल्या. त्यांनी बाबांचा हात धरला आणि हळू आवाजात सांगितलं की मास्तर दोन महिन्यांपूर्वी गेले.

"आजारी होते?" बाबांनी विचारलं.

"नाही, झोपेतच गेले. आदल्या दिवशीपर्यंत येत होते. तुमची खुर्ची धरून ठेवायचे. कोणी बसायला आलं की सांगायचे, माणूस यायचाय."

"मी का येत नाही ते विचारलं त्यांनी?"

"विचारायचे रोज. पण तुमचा पत्ता आमच्याकडेही नव्हता. शेवटी शेवटी म्हणायचे, माझं वाचन आवडत नसेल त्यांना आता."

त्या बाईंनी खुर्ची दिली, बाबा बसले नाहीत. ताई पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी होती, हात लोंबकळत होते. रडत नव्हती. मीही नव्हतो. बाई पाणी घेऊन आल्या, ते ताईने घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. मग बाबा म्हणाले, चला घरी.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले, ताई त्यांच्या शेजारी आणि मी मागच्या सीटवर. बस सुटली. पेटी बोलली, "पुढील थांबा, शाळा."

बाबांनी ताईकडे तोंड वळवलं. "बरोबर सांगतेय?"

ताईने बाहेर बघितलं. "हो बाबा. शाळा."

पुढच्या स्टॉपला पेटी पुन्हा बोलली आणि बाबांनी पुन्हा विचारलं. टाकी आली तेव्हाही विचारलं, त्याच आवाजात, न चिडता. ती हो म्हणाली. दवाखाना आला, पूल आला. पूर्वी शेजारच्या माणसाला जे सांगायचे, माझ्या पोरीने बोलती केलीय, ते त्या दिवशी नाही सांगितलं. आमचा स्टॉप आला, पेटीने त्याचं नाव दोनदा घेतलं, ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघायला लागला, तरी बाबा बसूनच होते. ताई म्हणाली, "बाबा, आलं," तेव्हा उठले.

आता ती रोज सकाळी त्यांच्याबरोबर बसते, अकरा स्टॉप जाते आणि अकरा स्टॉप येते. वाचनालयात पेपर तीच वाचून दाखवते. मग ऑफिसात जाते, उशिरा. साहेब कुरकुरतात. मी परवा म्हटलं, ताई, पेटी आता नीट आहे, त्यांना सवय होऊ दे एकटं जायची.

"ते विचारतात ना," ती म्हणाली, "मग कोणीतरी हो म्हणायला नको?"